बायॉलॉजीच्या पदवीला लेखनाच्या सर्टिफिकेटची जोड

वाचकाचं पत्र:
«मी अमेरिकेतल्या एका राज्य विद्यापीठात बायॉलॉजी मेजर करतेय, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहे. दुसऱ्या वर्षाचा पहिला सेमिस्टर संपत आलाय. आमच्या इंग्रजी विभागाचं १५ क्रेडिटचं लेखनाचं सर्टिफिकेट आहे आणि ते करावं असं मला फार वाटतंय. संशोधनात राहिले तरी लिहावं लागणारच, नाही राहिले तर सायन्स रायटिंगकडे वळता येईल. अ‍ॅडव्हायझर म्हणतात, बघू, बसेल. आई-बाबा म्हणतात, जास्तीचं काही घ्यायचंच असेल तर स्टॅटिस्टिक्स घे. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालं. पहिल्या वर्षाच्या कॉम्पोझिशनमध्ये, म्हणजे निबंधलेखनाच्या कोर्समध्ये, मला बी प्लस मिळाला. बाकीचे सगळे इंग्रजीतच वाढलेले, त्यांच्यात माझा निभाव लागेल का? आणि हे चार वर्षांत खरंच बसेल का?»

आमचं उत्तर हो आहे, पण त्याला एक अट आहे. सर्टिफिकेटच्या पाच कोर्सपैकी निदान दोन असे हवेत, जे तुझ्या पदवीसाठी तुला तसेही घ्यावे लागणार आहेत. असे दोन निघाले तर उरलेले तीन पाच सेमिस्टरमध्ये सहज मावतात. एकही निघाला नाही, तर प्रत्येक सेमिस्टरला एक जादा कोर्स होतो आणि त्याचा भार प्रयोगशाळेच्या तासांवर आणि झोपेवर पडतो. त्यामुळे करू की नको हे ठरवण्याआधी तुझ्या विद्यापीठाच्या कॅटलॉगमधलं (कोर्स आणि नियमांच्या पुस्तिकेतलं) सर्टिफिकेटचं पान आणि बायॉलॉजीच्या पदवीचं पान शेजारी शेजारी ठेवून वाच. अ‍ॅडव्हायझरच्या «बसेल»चा अर्थ त्या दोन पानांतच कळेल.

आधी वेळेचा हिशेब. अमेरिकेत बॅचलर्स पदवी साधारण १२० क्रेडिटची असते. एका क्रेडिटमागे आठवड्याला वर्गात एक तास आणि वर्गाबाहेर दोन तास काम, असं सुमारे १५ आठवडे धरलेलं असतं. म्हणजे ३ क्रेडिटच्या कोर्सला आठवड्याचे ९ तास. बऱ्याच विषयांत विद्यार्थी हे तास परीक्षेच्या आठवड्यावर ढकलतात आणि निभावून नेतात. लेखनाच्या कोर्समध्ये ते जमत नाही, कारण पहिला मसुदा, त्यावर वर्गमित्रांचे आणि शिक्षकांचे अभिप्राय, मग दुसरा मसुदा, या क्रमात मधले दिवसही लागतात. म्हणूनच उन्हाळ्यातल्या सहा आठवड्यांच्या सत्रात लेखनाचा कोर्स उरकायचा मोह झाला, तर आकडा लक्षात ठेव: १३५ तासांचं काम सहा आठवड्यांत म्हणजे आठवड्याला २२ तासांहून जास्त. सोबत लॅबमधलं उन्हाळी काम असेल तर तो बेत सोडून दे.

आता रचना. नावं विद्यापीठागणिक बदलतात, पण बहुतेक सर्टिफिकेटं १२ ते १८ क्रेडिटची असतात आणि त्यांचे तीन भाग असतात. सुरुवातीला एक प्रवेशाचा कोर्स, मध्ये दोन-तीन किंवा चार इलेक्टिव्ह म्हणजे निवडीचे कोर्स, शेवटी कॅपस्टोन (समारोपाचा कोर्स) किंवा निवडक लेखनाच्या संग्रहाचा, म्हणजे पोर्टफोलिओचा कोर्स. पहिल्या वर्षाचं कॉम्पोझिशन यात सहसा धरत नाहीत. तो सगळ्यांसाठीचा पाया असतो, आणि सर्टिफिकेटचं गणित त्याच्यानंतर सुरू होतं. तू तो कोर्स हिशेबात धरला असशील तर आत्ताच वगळ.

पदवीच्या कोर्सशी मेळ बसवायच्या तीन जागा आहेत. पहिली, तुझ्या मेजरमधला «डब्ल्यू» कोर्स, म्हणजे लेखनावर भर असलेला कोर्स. लेखन ज्या-त्या विषयाच्या आतच शिकवावं ही चळवळ अमेरिकन विद्यापीठांत १९७०च्या दशकात मूळ धरू लागली, आणि आज बऱ्याच ठिकाणी बायॉलॉजीलाही तिसऱ्या-चौथ्या वर्षात असा एक कोर्स घ्यावाच लागतो. दुसरी जागा म्हणजे जनरल एज्युकेशनमधला (सगळ्यांना सक्तीच्या, मेजरबाहेरच्या कोर्समधला) मानव्यविद्येचा किंवा कम्युनिकेशनचा कोर्स. तिथे तुला काहीतरी घ्यायचंच आहे, तर सर्टिफिकेटच्या यादीतलं घे. तिसरी, मोकळी इलेक्टिव्ह क्रेडिटं. ही शेवटची जागा अनेकजण पहिल्या दोन वर्षांत सहज म्हणून घेतलेल्या कोर्सवर खर्च करून टाकतात. तुझी किती उरली आहेत ते डिग्री ऑडिटमध्ये, म्हणजे पदवीसाठी काय झालं आणि काय उरलं याच्या यादीत बघ.

डब्ल्यू कोर्स सर्टिफिकेटच्या यादीत नसला तरी तो धरावा असा अर्ज करता येतो. अर्जासोबत सिलॅबस द्यावा लागतो, आणि समितीचं लक्ष त्यात दोनच गोष्टींवर असतं: एकूण किती पानं लिहून घेतली, आणि अभिप्रायानंतर पुन्हा लिहायची सोय होती का. सेमिस्टरअखेर एकच मोठा रिपोर्ट घेणारा कोर्स बहुधा नाकारला जातो, मग तो रिपोर्ट तीस पानांचा का असेना. अर्ज कोर्स घेण्याच्या आधी कर. नंतर केलास आणि नकार आला, तर एक पूर्ण इलेक्टिव्ह शेवटच्या वर्षात शोधावं लागेल.

कॅटलॉगमधल्या बारीक अक्षरांत आणखी काही अटी असतात आणि विद्यार्थी अडतात ते नेमके तिथेच. दोन्हीकडे मोजता येणाऱ्या क्रेडिटांना वरची मर्यादा असते, ती बघ. पास-फेल पद्धतीने घेतलेला कोर्स बहुतेक सर्टिफिकेटांत चालत नाही. किमान ग्रेड काही ठिकाणी सी, काही ठिकाणी बी असते, तर काही विद्यापीठं सर्टिफिकेटच्या कोर्सांची वेगळी सरासरी मागतात. ठराविक कोर्स वरच्या पातळीचे हवेत अशी अट असू शकते. आणि सर्टिफिकेट आपोआप मिळत नाही: सुरुवातीला ते जाहीर करायचा एक फॉर्म असतो आणि पदवीच्या अर्जासोबत दुसरा. दुसरा फॉर्म राहिला तर पाचही कोर्स ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) दिसतात, पण सर्टिफिकेटची ओळ उमटत नाही. ती ओळ ट्रान्सक्रिप्टवर येते की नुसता कागद हातात देतात, हेही विचारून घे. आमच्या मते ट्रान्सक्रिप्टवरची नोंदच खरी. नुसत्या कागदासाठी ९ ते १५ क्रेडिट खर्च करू नयेत.

क्रम ठरवताना शेवटाकडून मागे ये. कॅपस्टोन वर्षातून एकदाच, बहुधा एकाच सेमिस्टरला असतो. तो फक्त स्प्रिंगमध्ये, म्हणजे वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरला असेल तर तुझ्याकडे एकच संधी आहे, आठवा सेमिस्टर. आणि तो सेमिस्टर ऑनर्स थीसिस, पुढच्या शिक्षणाच्या मुलाखती आणि नोकरीच्या शोधाचा असतो. फॉलमध्ये, म्हणजे पहिल्या सेमिस्टरला मिळत असेल तर सातव्यात उरकून टाक, म्हणजे काही अडलं तर हाताशी एक सेमिस्टर राहतो. कॅपस्टोनच्या आधी किती कोर्स पूर्ण हवेत ते बघ. साधारणपणे प्रवेशाचा कोर्स आणि दोन इलेक्टिव्ह लागतात. म्हणजे प्रवेशाचा कोर्स चौथ्या किंवा फार तर पाचव्या सेमिस्टरला झालाच पाहिजे. चौथ्यात तुझं ऑरगॅनिक केमिस्ट्री लॅबसह असेल आणि शिवाय दुसरी लॅबही असेल, तर पाचव्यापर्यंत थांब. दोन लॅब रिपोर्ट आणि एक मसुदा दर आठवड्याला, हे तिन्ही चांगलं होत नाही. पहिला बळी मसुद्याचा जातो, कारण लॅब रिपोर्टची मुदत हलत नाही.

सर्टिफिकेट लवकर जाहीर करण्याचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. लेखनाचे वर्ग लहान असतात. कॉलेजातल्या लेखन-शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने एका वर्गात २०पेक्षा जास्त विद्यार्थी नकोत, शक्यतो १५च असावेत, अशी शिफारस केलेली आहे. पाळली जाते असं नाही, पण वर्ग साधारण त्याच मापाचे असतात, आणि नोंदणी उघडली की काही तासांत भरतात. काही विभाग थोड्या जागा सर्टिफिकेट जाहीर केलेल्यांसाठी राखून ठेवतात. जागा भरली तर वेटलिस्टवर नाव घाल आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बस. लेखनाच्या वर्गात पहिल्या आठवड्यात एक-दोन जागा मोकळ्या होतातच, आणि हजर असलेल्याला शिक्षक आधी घेतात.

एफ-१चा भाग वेगळा काढून सांगतो, कारण इंग्रजी विभागाच्या अ‍ॅडव्हायझरला तो माहीत असेलच असं नाही. तुला दर सेमिस्टरला निदान १२ क्रेडिट लागतात, आणि त्या पूर्णवेळाच्या हिशेबात ऑनलाइन कोर्स एकच, म्हणजे ३ क्रेडिटपर्यंतच धरला जातो. लेखनाचे बरेच इलेक्टिव्ह हल्ली ऑनलाइन असतात. प्रत्यक्ष वर्गांची १२ क्रेडिटं झाली असतील तर त्यावर आणखी ऑनलाइन घ्यायला हरकत नाही, अडचण १२च्या आत मोजण्यापुरती आहे. शेवटच्या सेमिस्टरला मात्र वेगळा सापळा आहे. पदवीसाठी एकच कोर्स उरला असेल, तर तो फक्त ऑनलाइन असून चालत नाही. म्हणून शेवटी उरणारा कोर्स वर्गातला आहे ना, हे दोन सेमिस्टर आधीच बघून ठेव.

सर्टिफिकेटमध्ये इंटर्नशिप असेल तर आणखी सावध राहा. विद्यापीठाबाहेरच्या कामासाठी सीपीटी ही परवानगी लागते, ती काम सुरू होण्याआधी आय-२०वर (विद्यापीठाने दिलेल्या व्हिसाच्या कागदावर) चढलेली असावी लागते, आणि ते काम तुझ्या अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग असावं लागतं. सर्टिफिकेटची इंटर्नशिप त्यात बसते का, हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओला, म्हणजे व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, लेखी विचार. बिनपगारी आहे म्हणून परवानगी लागत नाही, असं गृहीत धरू नकोस. बसत नसेल तर विद्यापीठाच्या आतलं काम शोध: विद्यापीठाचं संशोधनविषयक नियतकालिक, एखाद्या विभागाचं वार्तापत्र, विद्यार्थ्यांना लेखनात मदत करणाऱ्या रायटिंग सेंटरमधली ट्यूटरची जागा. पदवीनंतरच्या ओपीटीसाठी, म्हणजे एफ-१वरच्या कामाच्या परवानगीसाठी, नोकरी मेजरशी थेट संबंधित असावी लागते. सर्टिफिकेटमुळे ही व्याख्या रुंदावत नाही. बायॉलॉजीच्या पदवीवर वैद्यकीय किंवा विज्ञानलेखनाचं काम संबंधित म्हणून मांडता येतं, एखाद्या कपड्यांच्या कंपनीची जाहिरात लिहिणं मांडता येणार नाही. आणि सर्टिफिकेट अपुरं राहिलं म्हणून आय-२० वाढवून मिळेल असं समजू नकोस. मुदतवाढीला सबळ शैक्षणिक किंवा वैद्यकीय कारण लागतं, जोडीचं सर्टिफिकेट त्यात मोडेल याची खात्री नाही.

आता मुख्य गोष्ट, प्रत्यक्ष लेखनाची. तुझी भीती भाषेची आहे, पण बायॉलॉजीची मुलं या कोर्समध्ये अडखळतात ती वेगळ्याच ठिकाणी. लॅब रिपोर्टचा साचा हातात इतका बसलेला असतो की निबंधही त्याच वळणाने जातो. प्रस्तावना, पद्धत, निकाल, चर्चा या रचनेत प्रश्न प्रस्तावनेच्या शेवटी येतो आणि उत्तर त्याहून बरंच पुढे. वाचकाला ते चालतं, कारण कुठे काय सापडेल हे त्याला माहीत असतं. निबंधाच्या किंवा मासिकाच्या वाचकाला तो नकाशा नसतो. पहिल्या पानावर आपण काय म्हणतोय हे त्याला कळलं नाही, तर तिसऱ्या पानावरचं पुरावा म्हणून वाचलंच जात नाही, नुसती माहिती म्हणून डोळ्यांखालून जातं. तुझ्या कॉम्पोझिशनच्या निबंधांवर «मुद्दा उशिरा आला» किंवा «मग पुढे काय?» अशा अर्थाचे शेरे आहेत का बघ. असतील तर तो बी प्लस इंग्रजीचा नाही, रचनेचा आहे, आणि रचना शिकता येते.

त्यावर एक नेमकं काम सांगतो. पहिला मसुदा झाला की निदान एक रात्र मध्ये जाऊ दे. मग प्रत्येक परिच्छेदाशेजारी एका ओळीत लिही, हा परिच्छेद काय *करतो*. काय सांगतो ते लिहू नकोस. «विरोधी मत मांडतो», «प्रयोगातला आकडा देऊन दाव्याला टेकू देतो», «नुसती पार्श्वभूमी» अशा ओळी. नंतर फक्त त्या ओळी वाच. दोन परिच्छेद एकच काम करताना दिसतील, एखाद्याला काही कामच नाही असं दिसेल, आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटून दुसऱ्या परिच्छेदात दडलेलं सापडेल. ते वर आण आणि त्याच्या मागून बाकीचं पुन्हा रच. चार-पाच पानांच्या मसुद्याला यात अर्धा-पाऊण तास जातो. दुसऱ्या मसुद्यात शब्दांच्या चुका दुरुस्त करत बसण्यापेक्षा यातून कितीतरी जास्त मिळतं. शिक्षक «रिव्हाइज करा» म्हणतात तेव्हा त्यांना ही उलथापालथ हवी असते. स्पेलिंग आणि विरामचिन्हं अगदी शेवटी, आणि तेही मोठ्याने वाचत.

उलट दिशेनेही घोटाळा होतो, तो तुझ्या मेजरमधल्या गुणांवर येतो. निबंध लिहिण्याची सवय लागली की रिझल्ट्सच्या भागात अर्थ लावायला सुरुवात होते: «आश्चर्य म्हणजे», «यावरून स्पष्ट होतं की». तिथे फक्त काय दिसलं ते, अर्थ डिस्कशनमध्ये. काळही सांभाळ: तू केलेली पद्धत आणि तुला मिळालेले निकाल भूतकाळात, सर्वमान्य झालेलं ज्ञान वर्तमानकाळात. मराठीत आपण काळ इतका काटेकोर पाळत नाही, म्हणून मराठीत विचार करून लिहिणाऱ्यांकडून इथे हमखास चूक होते. आर्टिकल्सचंही (a, an, the) तसंच. आपल्या भाषेत ती नाहीतच, त्यामुळे ती कानाने येत नाहीत. आपल्याच जुन्या मसुद्यांतल्या चुकांची एक यादी कर, त्यात नेहमीचे सात-आठ प्रकारच निघतील, आणि शेवटच्या वाचनात फक्त त्या यादीतलं शोध. सगळं व्याकरण एकदम तपासू गेलं की काहीच नीट तपासलं जात नाही.

रायटिंग सेंटरला जा, पण वेळेवर. मुदतीच्या आदल्या दिवशी गेलीस तर ते व्याकरणाच्या चुका काढून देणार नाहीत. बहुतेक सेंटरचं ते धोरणच आहे, आणि अनेक आंतरराष्ट्रीय विद्यार्थी त्यामुळे नाराज होऊन परत जातच नाहीत. पहिला अर्धाकच्चा मसुदा आणि एकच प्रश्न घेऊन जा: «माझा दावा तुम्हाला कुठे कळला?» तिथल्या ट्यूटरने पान दोनवर बोट ठेवलं की तुला काय हलवायचं ते समजेल. घरबसल्या बघायला पर्ड्यू विद्यापीठाची ऑनलाइन रायटिंग लॅब आहे, १९९४पासून चालू आहे आणि फुकट आहे. संदर्भशैलीच्या, म्हणजे स्रोतांची नोंद कशी लिहायची याच्या, प्रश्नांना तिथे पटकन उत्तर मिळतं.

संदर्भशैली तुला डोकेदुखी होणार, कारण दोन घरचे दोन नियम. बायॉलॉजीत बहुधा सीएसई शैली, इंग्रजी विभागात एमएलए, आणि मधल्या एखाद्या कोर्सला एपीए. एमएलएची चालू आवृत्ती नववी, २०२१ची. एपीएची सातवी, २०१९ची. हे हाताने करू नकोस. झोटेरो हा मोफत प्रोग्राम आत्ताच बसव, वाचलेला प्रत्येक लेख त्यात टाक. शैली बदलायची झाली की एका क्लिकवर सगळी यादी बदलते. तरी शेवटी एकदा नजर फिरव, कारण लेखाची माहिती आत चुकीची आली असेल तर बाहेरही तशीच जाते. जीवांची शास्त्रीय नावं तिरकी छापायची राहतात, हा त्यातला नेहमीचा दोष.

स्रोताचं वाक्य घेऊन त्यातले चार शब्द बदलून आपलं म्हणून लिहिणं अमेरिकेत चोरीत मोडतं, खाली संदर्भ दिला असला तरी. शाळेत पाठांतराच्या पद्धतीतून आलेल्या मुलांकडून हे नकळत होतं, आणि शिस्तभंगाच्या प्रकरणात नकळत झालं हे कारण पुरत नाही. परिच्छेद वाच, स्क्रीनवरची ती खिडकी बंद कर, न बघता दोन वाक्यांत लिही, मग उघडून ताडून बघ. एआयच्या वापराचं धोरण कोर्सगणिक वेगळं असतं. एका वर्गात चालतं ते दुसऱ्यात चालेल असं नाही, म्हणून दर सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात सिलॅबसमधला तो परिच्छेद वाच. आमचं स्पष्ट मत असं की मसुदा एआयकडून घेतलास तर या सर्टिफिकेटचे सगळे पैसे आणि सगळे तास वाया गेले. न सुचण्याच्या त्या तासांतच लेखन शिकलं जातं.

पोर्टफोलिओची तयारी शेवटच्या वर्षाची नव्हे, पहिल्या कोर्सच्या पहिल्या आठवड्याची. कॅपस्टोनमध्ये साधारण तीन ते पाच लेख मागतात, वेगवेगळ्या वाचकांसाठी लिहिलेले, आणि सोबत स्वतःच्या लेखनाविषयी एक चिंतनपर निबंध. हा निबंध बहुतेकांचा फसतो. «मी खूप सुधारले» याला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे जुने मसुदे. ते कुणाकडेच नसतात, कारण सगळ्यांनी एकाच फाइलवर लिहून जुनं पुसलेलं असतं. म्हणून प्रत्येक मसुदा वेगळ्या नावाने, तारखेसह ठेव, आणि शिक्षकांचे शेरे असलेली प्रत उतरवून घे. सेमिस्टर संपला की कोर्सच्या साइटवरचा तुझा प्रवेश काही दिवसांत बंद होऊ शकतो. प्रत्येक लेखाशेजारी चार ओळी टिपून ठेव: वाचक कोण होता, सगळ्यात मोठा बदल कोणता केला, का केला. दोन वर्षांनी हे आठवणार नाही.

लॅबमधल्या कामावर लिहिलेलं काही पोर्टफोलिओत घालणार असशील तर लॅबच्या प्रमुखांची परवानगी ईमेलवर घे. अप्रकाशित आकडे आणि चित्रं तुझी एकटीची नसतात, आणि पोर्टफोलिओ वेबवर ठेवला की ते जगासमोर आले. गटाने लिहिलेल्या रिपोर्टमध्ये तुझा भाग कोणता हे स्पष्ट लिही.

इलेक्टिव्ह निवडताना तुझ्यासाठी आमची पसंती सायन्स रायटिंग, एडिटिंग आणि ग्रँट रायटिंगला (संशोधनाच्या निधीसाठी अर्ज लिहिण्याला). शेवटचा फार कमी विद्यार्थी घेतात आणि संशोधनात राहणाऱ्याला त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. एनआयएच या अमेरिकन सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेच्या नेहमीच्या संशोधन अर्जात स्पेसिफिक एम्सला, म्हणजे संशोधनाच्या नेमक्या उद्दिष्टांना, एकच पान असतं. चार-पाच वर्षांचं संशोधन एका पानात, ते वाचणारा तज्ज्ञ एका बैठकीत असे कितीतरी अर्ज वाचतो, आणि त्याचं मत त्या पानावरच बनू लागतं. ते पान लिहायला शिकवणारा कोर्स मिळत असेल तर कथालेखनाच्या कार्यशाळेपेक्षा तो घे. कथा लिहायची आतून ओढ असेल तर मात्र एक जागा तिलाही दे. सगळंच उपयोगाच्या फूटपट्टीने मोजलं की पाचव्या कोर्सपर्यंत उत्साह टिकत नाही.

आई-बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बायॉलॉजीत पुढे जायचं तर स्टॅटिस्टिक्सचा एक पक्का कोर्स लागतोच. तो मेजरच्या यादीत सक्तीचा नसला तरी घे, आणि जागा कमी पडली तर सर्टिफिकेटच्या एका इलेक्टिव्हपेक्षा त्याला आधी जागा दे. त्याच्यापुढे दुसरा-तिसरा स्टॅटिस्टिक्सचा कोर्स की लेखन, असा प्रश्न आला तर आमचं मत लेखनाकडे. त्यांना कामाचं क्षेत्र दाखव: वैद्यकीय लेखकांची संघटना अमेरिकेत १९४०पासून आहे, विज्ञानलेखकांची १९३४पासून. सरकारी खात्यांनी लोकांना समजेल असंच लिहावं असा कायदा २०१०मध्ये झाला, आणि रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकांपासून औषधांच्या चाचण्यांच्या अहवालांपर्यंत विज्ञान जाणणाऱ्या लेखकांची गरज असते. मात्र औषध कंपन्यांमधल्या वरच्या जागांना बऱ्याचदा एमएस किंवा पीएचडी लागते, हेही त्यांना सांग. सर्टिफिकेट बघून कुणी नोकरी देत नाही. नमुने मागतात, आणि सर्टिफिकेट केलेल्याकडे दाखवण्याजोगे चार चांगले, तावून सुलाखून निघालेले नमुने असतात.

दहावीपर्यंतच्या मराठी माध्यमाबद्दल तू विचारलंस. लेखनाच्या वर्गात इंग्रजीतच वाढलेल्यांना एक अडचण असते, त्यांना आपलं वाक्य बरोबर वाटतं आणि ते थांबत नाहीत. तू प्रत्येक वाक्यापाशी थांबतेस. पहिल्या मसुद्याला त्यामुळे तुला जास्त वेळ लागेल, तो आठवड्याच्या वेळापत्रकात धर: त्यांना चार तास लागत असतील तर तू सहा धर. दुसऱ्या मसुद्यात तीच सवय तुझ्या कामी येते. आणि वर्गात दुसऱ्यांच्या मसुद्यांवर अभिप्राय देताना भाषेच्या भीतीने गप्प बसू नकोस. अनेक कोर्समध्ये त्या अभिप्रायाला गुण असतात, आणि «इथे मला तुझं म्हणणं कळेनासं झालं» हे वाक्य बोलायला कुठल्याही उच्चारातलं इंग्रजी पुरतं.

पुढच्या सेमिस्टरची नोंदणी उघडण्याआधी तीन ईमेल पाठव. सर्टिफिकेटच्या समन्वयकांना: कॅपस्टोन कोणत्या सेमिस्टरला असतो, आणि बायॉलॉजीचा डब्ल्यू कोर्स मोजला जाईल का. बायॉलॉजीच्या अ‍ॅडव्हायझरना: माझी मोकळी क्रेडिटं किती उरली आणि कोणकोणते कोर्स दोन्हीकडे धरता येतील. डीएसओना: ऑनलाइन कोर्स आणि इंटर्नशिप यांबाबत वर विचारलेलं. उत्तरं लेखीच घे आणि जपून ठेव. समन्वयक बदलतात, आणि दोन वर्षांनी «आम्ही असं म्हटलंच नव्हतं» अशी वेळ आली तर तो ईमेल कामाला येतो. सर्टिफिकेट ज्या वर्षी जाहीर केलंस त्या वर्षीच्या कॅटलॉगचे नियम बहुतेक ठिकाणी तुला लागू राहतात, म्हणून त्या पानाची पीडीएफही उतरवून ठेव.

आणि एक थांबण्याची खूण आत्ताच ठरव. सहावा सेमिस्टर संपेपर्यंत प्रवेशाचा कोर्स आणि दोन इलेक्टिव्ह पूर्ण झाली नसतील, किंवा ती करताना मेजरमधली ग्रेड सलग दोन सेमिस्टर घसरत असेल, तर सर्टिफिकेट मागे घे. त्यासाठी बहुतेक ठिकाणी एक साधा फॉर्म असतो. घेतलेले कोर्स ट्रान्सक्रिप्टवर राहतात, पदवीच्या इलेक्टिव्हमध्ये मोजले जातात, आणि त्यात लिहिलेले नमुने तुझ्याकडेच राहतात.